फिनिक्सच्या वाळवंटात घराचे अंगण कसे घडवावे: नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स आणि तिच्याभोवतीची चँडलर, गिल्बर्ट, मेसा, टेम्पी ही शहरे सोनोरन वाळवंटात वसलेली आहेत. संगणक-चिप उद्योगातील नोकऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. नव्या वसाहतींत बांधकाम कंपनी पुढच्या अंगणात चार झाडे आणि थोडी खडी टाकून देते, पण मागचे अंगण पुष्कळदा उघड्या मातीचेच हाती येते. त्याचे काय करायचे, हा प्रश्न घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात उभा राहतो. कोकणातल्या, पुण्यातल्या किंवा विदर्भातल्या बागेचा अनुभव येथे काही अंशी उपयोगी पडतो, पण पाण्याच्या बाबतीत मात्र जुनी सवय बदलावी लागते.

येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे १८० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील पावसाच्या निम्म्याहूनही कमी. तोही दोन हंगामांत विभागलेला असतो: हिवाळ्यातील संथ सरी, आणि १५ जून ते ३० सप्टेंबर हा अधिकृत मॉन्सूनचा काळ, ज्यात धुळीच्या वादळांमागून थोडा वेळ पण जोराचा पाऊस येतो. उन्हाळ्यात पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे आहे. २०२३ मध्ये तर सलग ३१ दिवस तसे घडले. शिवाय डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काही रात्री दहिवरही (गोठलेले दव) पडते. अशा हवामानात टिकणारे अंगण करायचे असेल, तर पाणी क्वचित द्यावे पण खोलवर द्यावे, हे एक तत्त्व सर्वांत आधी मनावर घ्यावे. झाडांची निवड, खड्ड्याचा आकार, ठिबकची मांडणी आणि वर्षभराचे वेळापत्रक हे सर्व त्यावरूनच ठरते.

खरेदीच्या आधी

घर ताब्यात आल्यावर लगेच नर्सरीत जाऊ नये. शक्य असेल तर एक उन्हाळा आणि एक हिवाळा अंगण नुसते पाहावे. पश्चिमेची भिंत दुपारनंतर किती तापते, छपराचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून खाली पडते, जोराचा पाऊस झाल्यावर ते कोठे साचते, आणि हिवाळ्यात दिवसभर ऊन न लागणारी जागा कोणती, हे कागदावर टिपून ठेवावे. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींलगत लावलेले रोप उन्हाबरोबर भिंतीतून परत फेकल्या जाणाऱ्या उष्णतेचाही मारा सहन करते. त्यामुळे ज्या झुडपाच्या लेबलवर 'पूर्ण ऊन' असे लिहिलेले असते, तेही तेथे करपू शकते. उलट हिवाळ्यात तीच जागा थंडीला नाजूक असणाऱ्या झाडांना ऊब देते.

याच काळात दोन परवानग्यांची माहिती करून घ्यावी. वसाहतीत होम ओनर्स असोसिएशन (घरमालकांची संघटना) असेल, तर पुढच्या अंगणातील झाडे, खडीचा रंग आणि कृत्रिम गवत यांसाठी बहुधा आधी नकाशा देऊन मंजुरी घ्यावी लागते. दुसरे म्हणजे, कुदळ किंवा यंत्राने खोदण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवणे कायद्याने आवश्यक आहे. किमान दोन कामाचे दिवस आधी कळवल्यास भूमिगत गॅसवाहिन्या आणि वीजतारा जमिनीवर रंगाने आखून मिळतात आणि त्यासाठी काही शुल्क पडत नाही. आखणी साधारणपणे घराच्या गॅस-वीज मीटरपर्यंत येणाऱ्या वाहिन्यांची होते. आपल्याच ठिबकच्या नळ्या आणि बार्बेक्यूकडे गेलेली गॅसची नळी आपणच शोधून ठेवावी.

माती आणि कॅलिची

येथील माती अल्कधर्मी असते आणि तिच्यात सेंद्रिय अंश फार थोडा असतो. वरून मऊ दिसणाऱ्या मातीखाली पुष्कळ ठिकाणी कॅलिची नावाचा चुनखडीचा टणक थर लागतो. कधी तो बोटभर जाडीचा असतो, तर कधी पहारीनेही फुटत नाही. पाणी त्यातून खाली उतरत नाही आणि मुळेही उतरत नाहीत, म्हणून झाड लावण्यापूर्वी निचऱ्याची परीक्षा करणे फार गरजेचे आहे. ठरवलेल्या जागी खड्डा खणून तो पाण्याने भरावा. चार तासांत पाण्याची पातळी चार इंचांनीही खाली गेली नाही, तर तेथे निचरा नाही असे समजावे. अशा वेळी खड्ड्याच्या तळाशी पहारीने किंवा भाड्याच्या यंत्राने थराच्या आरपार भोक पाडावे, म्हणजे पाण्याला खाली जायला वाट मिळते. थर फारच जाड असेल, तर झाडाची जागा बदलणे शहाणपणाचे ठरते.

वाळवंटी झाडांसाठी खड्ड्यात खत-माती भरण्याची आवश्यकता नाही. खणून काढलेलीच माती परत लोटावी. खड्डा कुंडीतील मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण त्याच्या तीन ते पाच पट रुंद घ्यावा. या झाडांची मुळे खाली जाण्यापूर्वी आडवी पसरतात, आणि भुसभुशीत केलेली बाजूची माती त्यांना पहिल्याच वर्षी आधार देते. भाजीपाल्याच्या वाफ्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे कंपोस्ट भरपूर लागते, आणि ते दर हंगामाला पुन्हा घालावे लागते, कारण या उष्णतेत ते लवकर संपून जाते.

पाणी

घरगुती वापरातील निम्म्याहून अधिक पाणी येथे घराबाहेर, अंगणावर खर्च होते. ते पाणी फार दुरून आणि कष्टाने येते. सॉल्ट नदीवरील थिओडोर रूझवेल्ट धरण १९११ मध्ये पूर्ण झाले, आणि कोलोरॅडो नदीचे पाणी सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टच्या ३३६ मैल लांब कालव्यातून पंपांनी उचलून आणले जाते. त्या नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली आणि तिची पहिली मोठी झळ ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांना बसली. म्हणून अंगणातील ठिबक नीट लावणे हे केवळ बिल वाचवण्याचे काम मानू नये.

पाणी किती खोल जायला हवे, याचा येथे एक सोपा हिशेब रूढ आहे: निवडुंग, फुलझाडे आणि जमिनीलगत पसरणारी झाडे यांच्यासाठी एक फूट, झुडपांसाठी दोन फूट, आणि वृक्षांसाठी तीन फूट. ठिबक चालवून दुसऱ्या दिवशी एक लांब लोखंडी सळई जमिनीत दाबून पाहावी. ओल्या मातीतून ती सहज उतरते आणि कोरडी माती लागताच अडते. ती जेथे अडली तेवढेच पाणी पोहोचले असे समजून त्याप्रमाणे टायमरची वेळ वाढवावी किंवा कमी करावी. वीस मिनिटे दररोज पाणी सोडण्याची पद्धत अनेक घरांत दिसते, पण तिच्यामुळे मुळे वरच्या थरातच राहतात आणि जून उजाडताच झाड कोमेजते. वृक्षांच्या ठिबकला एका वेळी काही तास चालावे लागते, हे पहिल्यांदा ऐकताना उधळपट्टीचे वाटते, परंतु दोन पाळ्यांमधील अंतर मोठे असल्यामुळे एकूण पाणी कमीच लागते.

रुजलेल्या वाळवंटी वृक्षांना आणि झुडपांना उन्हाळ्यात ७ ते २१ दिवसांनी, वसंतात आणि शरदात १४ ते ३० दिवसांनी पाणी पुरते. हिवाळ्यात वृक्षांना ३० ते ६० दिवसांनी एकदा दिले तरी चालते. निवडुंगांना उन्हाळ्यातही दोन ते चार आठवड्यांचे अंतर ठेवावे. अंतराची मर्यादा अशी सैल आहे, कारण रेताड मातीत ओल लवकर संपते आणि चिकण मातीत टिकते. नवीन लावलेल्या रोपाला मात्र हे वेळापत्रक लागू होत नाही. पहिले काही आठवडे त्याला एक-दोन दिवसांआड पाणी द्यावे आणि पुढे पहिला उन्हाळा संपेपर्यंत हळूहळू अंतर वाढवत न्यावे.

टायमर वर्षातून किमान चार वेळा, ऋतू बदलताना, हाताने बदलावा. उन्हाळ्याचेच वेळापत्रक डिसेंबरपर्यंत चालू राहणे हा येथील पाण्याच्या नासाडीचा फार मोठा भाग आहे. वृक्ष, झुडपे, निवडुंग आणि भाजीपाला यांचे व्हॉल्व्ह शक्य तेथे वेगळे असावेत. एकाच व्हॉल्व्हवर सर्व जोडल्यास कोणाला तरी जास्त आणि कोणाला तरी कमी पाणी मिळणारच. व्हॉल्व्हनंतर गाळणी आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवलेला आहे का, ते पाहावे, कारण येथील क्षारयुक्त पाण्याने ड्रिपर तुंबतात. झाड वाढत जाते तसे ड्रिपर खोडापासून बाहेर, फांद्यांच्या घेराच्या कडेपर्यंत सरकवत न्यावेत आणि त्यांची संख्या वाढवावी. पाच वर्षांच्या वृक्षाच्या खोडाशीच दोन ड्रिपर टिपकत असतील, तर ते पाणी मुळांच्या टोकांपर्यंत जात नाही. खोल पाण्याचा आणखी एक लाभ असा की, पाण्यातील क्षार मुळांच्या खाली ढकलले जातात. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळणे हे पुष्कळदा रोग नसून क्षार साठल्याचे लक्षण असते.

पावसाचे पाणीही सोडू नये. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे अडीच हजार लिटर पाणी खाली येते. टाकी बसवणे जमले नाही, तरी पन्हाळीच्या खाली उथळ चर काढून ते पाणी झाडाच्या आळ्यात वळवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. साचलेले पाणी एका दिवसात जिरेल एवढेच आळे खोल ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत आणि घराच्या पायाकडे पाणी जात नाही.

झाडांची निवड आणि लागवड

पहिला खर्च सावलीच्या वृक्षावर करावा. घराच्या पश्चिमेला एक चांगला वृक्ष उभा राहिला की, भिंतीचे तापमान, वातानुकूलनाचा खर्च आणि त्याखाली लावता येणाऱ्या झाडांची यादी हे सर्व बदलते. पालो वर्दे हा ॲरिझोनाचा राज्यवृक्ष आहे. त्याची साल हिरवी असते आणि पाने गळाल्यावरही ती अन्न तयार करते. त्याचा 'डेझर्ट म्यूझियम' नावाचा संकर काटे नसलेला आणि भराभर वाढणारा असल्यामुळे अंगणासाठी सोयीचा आहे. मेस्कीट हा आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातला वृक्ष आहे. येथील मूळचा वेल्वेट मेस्कीट हळू वाढतो पण घट्ट उभा राहतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या मेस्कीटांना भरमसाट पाणी मिळाले, तर ते फार वेगाने वाढतात आणि मॉन्सूनच्या वाऱ्यात उन्मळून पडतात. आयर्नवुड आणि डेझर्ट विलो हेही उत्तम आहेत. मोठा घेर घेणारा वृक्ष घरापासून आणि कुंपणाच्या भिंतीपासून किमान पाच मीटर दूर असावा.

झुडपांत टेक्सास सेज, ब्रिटलबुश, चुपारोसा आणि रेड बर्ड ऑफ पॅराडाइज यांच्यापासून सुरुवात करावी. ॲरिझोनाच्या जलसंपदा विभागाने कमी पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतींची यादी प्रसिद्ध केलेली आहे. ती जवळ ठेवूनच नर्सरीत जावे. सग्वारो निवडुंग हवा असेल, तर तो अधिकृत परवान्याच्या खुणेसहच विकत घ्यावा, कारण रानातून उपटून आणणे हा गुन्हा आहे. दहा वर्षांचा सग्वारो जेमतेम दीड इंच उंच असतो आणि त्याला बाहू फुटायला साधारण ५० ते ७५ वर्षे लागतात. मोठा निवडुंग हलवताना त्याची दक्षिणेकडची बाजू खूण करून ठेवतात आणि नव्या जागी तीच बाजू दक्षिणेला येईल असे लावतात. नाहीतर सावलीत राहिलेली साल उन्हाने भाजते.

लागवडीसाठी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे सर्वांत चांगले महिने आहेत. जमीन अजून उबदार असते, हवा सौम्य होते, आणि पुढच्या जूनपर्यंत मुळांना सात-आठ महिने मिळतात. ते हुकल्यास फेब्रुवारी-मार्च धरावा. थंडीला नाजूक असलेली झाडे मात्र मार्च-एप्रिलमध्येच लावावीत. मे ते ऑगस्ट या काळात नर्सरीतील सवलतींना भुलू नये. रोप लावल्यावर आधार द्यायचा असेल, तर दोन्ही बाजूंना खुंट ठोकून सैल पट्टा बांधावा, म्हणजे खोड वाऱ्याने थोडे हलते आणि जाड होते. वर्षभरात आधार काढून टाकावा. ससे कोवळी रोपे एका रात्रीत कुरतडतात, म्हणून सुरुवातीला जाळीचे कडे लावणे चांगले.

आपल्या ओळखीची झाडे

डाळिंब आणि अंजीर येथे इतके चांगले येतात की, पहिल्या फळझाडाचा मान त्यांनाच द्यावा. बोरही तग धरते. शेवगा उन्हाळ्यात जोमाने वाढतो. दहिवराने वरचा भाग जळाला तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतो. मोगऱ्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळाली, तर एप्रिलपासून फुले येतात. लिंबू-संत्र्याला वर्षातून तीनदा, म्हणजे फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या अखेरीस खत द्यावे, आणि उघडे पडलेले खोड पाणी मिसळलेल्या पांढऱ्या लेटेक्स रंगाने रंगवावे, कारण येथील ऊन सालीला चिरा पाडते. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर अल्कधर्मी मातीमुळे लोह मिळत नाही असे समजून चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला शोषता येणारे लोह, द्यावे.

कढीपत्त्याबद्दल विशेष काळजी घ्यावी. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कढीपत्त्यावर वाढते. म्हणून भारतातून ताजी पाने, बी किंवा रोप सामानातून आणू नये. दुसऱ्या राज्यातून कोणी रोप दिले तरी घेऊ नये. स्थानिक, परवानाधारक नर्सरीतून घ्यावे, कुंडीत वाढवावे आणि थंडीच्या रात्री घरात आणावे. तुळसही थंडीच्या रात्री घरात आणावी. कण्हेर येथे कुंपणाला सर्रास दिसते, पण लहान मुले किंवा कुत्रा घरात असल्यास ती टाळावी; तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

गवत, खडी आणि तण

येथे लॉनसाठी लावले जाणारे बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. ते उन्हाळ्यात हिरवे असते आणि हिवाळ्यात पेंढ्यासारखे पिवळे पडते. ते हिरवे दिसावे म्हणून ऑक्टोबरमध्ये त्यावर राय गवताचे बी पेरतात आणि त्यासाठी पुन्हा पाणी लागते. मुलांना खेळायला जागा हवी असेल, तर लहानसा तुकडा ठेवावा, हिवाळ्यात तो पिवळा राहू द्यावा आणि पुढच्या अंगणातील शोभेचे लॉन काढून टाकावे. परिसरातील अनेक शहरे त्यासाठी अनुदान देतात, पण बहुतेक ठिकाणी काढण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. हरळी उपटून संपत नाही. ती वाढत असताना, म्हणजे उन्हाळ्यातच, तिचा नायनाट करावा. हिवाळ्यात सुप्त असताना केलेला उपाय लागू पडत नाही.

डीजी म्हणून विकली जाणारी ग्रॅनाइटची भुकटी आपल्या मुरमासारखी असते. ती साधारण दोन इंच जाडीने पसरावी. तिच्याखाली प्लॅस्टिक घालू नये, कारण त्यामुळे पाणी आणि हवा दोन्ही अडतात. सगळे अंगण खडीने भरून दोन निवडुंग लावणे स्वस्त पडते, पण सावली नसलेली खडी रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि घर तापवते. खडी झाडांच्या सावलीतच असावी, असे माझे ठाम मत आहे.

पावसानंतर तण उगवते. ते कोवळे असताना, जमीन ओली असताना उपटावे. दोन तणांची ओळख करून घ्यावी. बफेलग्रास म्हणजे आपल्याकडे चाऱ्यासाठी लावले जाणारे अंजन गवत. १९३० च्या दशकात ते चाऱ्यासाठीच येथे आणले गेले, आणि आता ते सग्वारोंच्या मधली मोकळी जमीन व्यापून वणवे पसरवते. दुसरे स्टिंकनेट, पिवळ्या गोंड्यांचे आणि उग्र वासाचे. त्याला फुले येण्यापूर्वीच, फेब्रुवारीच्या आत काढावे आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावे.

वर्षभराची निगा

मॉन्सूनपूर्वी, मे महिन्यात, वृक्षांच्या आडव्या-तिडव्या आणि वाळलेल्या फांद्या विरळ कराव्यात. पण एका वेळी फार छाटू नये. पालो वर्देचे खोड एकदम उघडे पडल्यास भाजते. झुडपांचे गोल चेंडू करण्याची पद्धत येथे दुर्दैवाने फार आहे. त्यामुळे टेक्सास सेजची फुले, जी दमट हवा येताच एका रात्रीत उमलतात, ती कधी दिसतच नाहीत.

दहिवराचा अंदाज असेल, तर बोगनवेल, लँटाना आणि कोवळी लिंबूवर्गीय झाडे संध्याकाळी चादरीने किंवा फ्रॉस्ट क्लॉथने झाकावीत आणि सकाळी काढावीत. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये. उभ्या नाजूक निवडुंगांच्या शेंड्यांवर थर्मोकोलचे पेले उपडे घालतात. जळालेल्या फांद्या मार्चपर्यंत तशाच ठेवाव्यात, कारण त्याच आतल्या जिवंत भागाचे रक्षण करतात.

काम करताना स्वतःची काळजी घ्यावी. मातीत असणाऱ्या एका बुरशीमुळे येथे व्हॅली फीवर हा फुप्फुसाचा आजार होतो. म्हणून कोरडी माती खणण्यापूर्वी ती ओली करावी, वारा असेल तर काम टाळावे आणि एन-९५ मास्क लावावा. ताप आणि खोकला काही आठवड्यांनंतरही गेला नाही, तर डॉक्टरांना त्या आजाराची चाचणी करण्याविषयी विचारावे. दगड, कुंड्या आणि व्हॉल्व्हच्या पेट्या उचलताना हातमोजे घालावेत. तेथे बार्क विंचू आणि ब्लॅक विडो कोळी लपलेले असतात. विंचू अतिनील दिव्याच्या प्रकाशात चमकतात, त्यामुळे उन्हाळ्यात रात्री एकदा भिंती पाहून घेता येतात. उन्हाळ्यातील सर्व कामे सूर्य वर येण्यापूर्वी संपवावीत.

अडचण आल्यास ॲरिझोना विद्यापीठाच्या विस्तार सेवेतील मास्टर गार्डनर स्वयंसेवकांना पानाचा किंवा किडीचा फोटो पाठवून विचारता येते. पापागो पार्कमधील डेझर्ट बोटॅनिकल गार्डन हे उद्यान १९३९ मध्ये स्थापन झाले. तेथे जाऊन पूर्ण वाढलेली झाडे त्यांच्या खऱ्या आकारात पाहावीत, कारण नर्सरीतील एका गॅलनच्या कुंडीवरून पुढचा घेर ओळखता येत नाही. वसंतात आणि शरदात तेथे रोपांची विक्रीही असते, आणि शरदातील विक्री लागवडीच्या उत्तम हंगामाशी जुळते.